गावाहून पुण्यात शिकायला येताना: शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि पहिले सहा महिने

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे गुण हाती आले आणि प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की घरातल्या सगळ्यांचे लक्ष कोणते कॉलेज मिळते याकडे लागते. फीची सोय आणि राहण्याची सोय हे नंतरचे प्रश्न समजले जातात, शिवाय ते एकमेकांपासून वेगळेही समजले जातात. आमच्या तालुक्यातून पुण्याला येणाऱ्या मुलामुलींचे अर्ज भरून देण्याचे काम मी काही वर्षे करतो आहे आणि माझे मत याच्या उलट बनले आहे. राहण्यासाठी मिळणारी बरीचशी सरकारी मदत तुम्ही कुठे राहता आणि त्याचा कोणता कागद दाखवू शकता यावर ठरते. ती मदत हातात पडेपर्यंत पहिले सत्र संपत आलेले असते, हीही गोष्ट तितकीच खरी आहे. म्हणून दोन्ही कामे एकत्र आणि निकालाच्या आधीपासून सुरू करावीत.

सुरुवात कागदांपासून होते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शिधापत्रिका आणि लागू असेल तिथे जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रीमीलेअर हे सगळे मे महिन्यातच फाइलमध्ये हवे. जून लागला की सेतू केंद्रात आणि आपले सरकार केंद्रांत गर्दी उसळते, तलाठ्याच्या अहवालासाठी चार खेपा होतात आणि प्रवेशाची तारीख तर कोणासाठी थांबत नाही. यातला सर्वांत वेळखाऊ कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी किंवा महसुली नोंदी शोधण्यातच महिने जातात, त्यामुळे व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाण्याचा विचार असेल तर तो अर्ज बारावीत असतानाच, कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जात पडताळणी समितीकडे जायला हवा. मधे एखादे वर्ष वाया गेले असेल, तर त्या खंडाचे प्रतिज्ञापत्रही करून ठेवावे.

दुसरी एक गोष्ट किरकोळ वाटते, पण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या तिच्यामुळेच असतात. आधार कार्डावरचे नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि बँकेतले नाव ही तिन्ही अक्षरशः सारखी असली पाहिजेत. वडिलांच्या नावापुढे एकीकडे ‘राव’ लागले आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही अर्ज परत येतो. तसेच खाते आधारशी नुसते जोडलेले असणे वेगळे आणि थेट लाभ हस्तांतरासाठी त्या खात्याचे आधार सीडिंग, म्हणजे सरकारी मदत याच खात्यात जमा व्हावी अशी बँकेमार्फत झालेली नोंद, असणे वेगळे. शिष्यवृत्तीचे पैसे आधार ज्या खात्याशी सर्वांत शेवटी सीड झाले असेल त्या खात्यात जातात, मग तुम्ही अर्जात दुसरे कोणतेही खाते लिहिलेले असो. एका मुलीचे पैसे सहावीत असताना उघडलेल्या आणि पुढे बंद पडलेल्या खात्याकडे वळले होते व ते सोडवून घेण्यात तिचे पूर्ण सत्र गेले. आधारच्या संकेतस्थळावर ही स्थिती दोन मिनिटांत पाहता येते. ती पाहावी आणि जुने खाते बंद पडलेले असेल तर बँकेत जाऊन नव्या खात्याचे सीडिंग करून घ्यावे.

आता मदतीकडे वळू. राज्य सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर होतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे आणि तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती ही वेगळी योजना आहे, त्यामुळे ‘आपले उत्पन्न जास्त आहे, आपल्याला काही मिळणार नाही’ असे घरी बसून ठरवू नये. खुल्या प्रवर्गातील ज्या कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्या विद्यार्थ्याने केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा फरक पडला आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला चालत नाही. चांगले कॉलेज मिळावे म्हणून शेवटच्या क्षणी व्यवस्थापन कोट्यातली जागा पत्करणाऱ्या पालकांनी हा हिशेब आधी मांडावा, कारण त्या एका निर्णयाने चार वर्षांची मदत हातची जाते.

केंद्र सरकारच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतात. बारावीला मंडळाच्या वरच्या वीस टक्क्यांत असणाऱ्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना पदवीची पहिली तीन वर्षे दरवर्षी १२,००० रुपये मिळू शकतात, पण त्यासोबत दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. तंत्रशिक्षणाला जाणाऱ्या मुलींसाठी ‘प्रगती’ ही वर्षाला ५०,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे आणि तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख आहे. कोणती एक घ्यायची हे रकमा शेजारी शेजारी लिहून ठरवावे.

फीची मदत मिळाली तरी पोट आणि डोक्यावरचे छप्पर शिल्लक राहते. मुले सर्वांत जास्त गोंधळतात ती इथे. पहिला प्रयत्न शासकीय वसतिगृहाचा करावा. समाजकल्याण विभागाची आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे राहणे व जेवण विनामूल्य देतात, पण जागा मोजक्या असतात आणि प्रवेश गुणवत्तेवर मिळतो. तिथे जागा मिळाली नाही म्हणून निराश होऊ नये, कारण ती न मिळाल्यावरच पुढचे दार उघडते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. या योजना २०१६-१७ पासून सुरू आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला स्वाधारमधून मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी त्याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना पाहावी. शाहू महाराज शिष्यवृत्ती घेणाऱ्या पुष्कळ मुलांना हा वेगळा अर्ज असतो हेच माहीत नसते.

या योजनांत एक समान मेख आहे. तुम्ही घराबाहेर राहता याचा पुरावा मागितला जातो, मग तो वसतिगृहाचा दाखला असो किंवा भाडेकरार. जिथे कसलाही कागद मिळत नाही अशी स्वस्त खोली घेतली, तर महिन्याला वाचलेल्या शेपाचशे रुपयांच्या बदल्यात वर्षाची मदत गमावण्याची वेळ येते.

सरकारी वसतिगृहांखेरीज कॉलेजचे आणि विद्यापीठाचे वसतिगृह असते. त्याचा अर्ज बहुधा प्रवेशापेक्षा वेगळा आणि वेगळ्या तारखेचा असतो, म्हणून प्रवेश निश्चित करण्याच्या दिवशीच वसतिगृह कार्यालयात जाऊन यावे. पुण्यात याशिवाय एक जुनी परंपरा आहे. पूर्वी गरीब घरची मुले वार लावून जेवत आणि माधुकरी मागून शिकत. तो प्रकार थांबावा म्हणून समाजातूनच विद्यार्थ्यांसाठी संस्था उभ्या राहिल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची मालिका सुरू केली. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती आजही ग्रामीण भागातल्या मुलामुलींना अल्प खर्चात राहण्या-जेवण्याची सोय देते. अशा संस्थांत मुलाखत होते आणि शिस्त असते, शिवाय कामाची पाळीही करावी लागते. घरापासून पहिल्यांदाच लांब राहणाऱ्या मुलाला मी सर्वांत आधी याच ठिकाणी अर्ज करायला सांगतो.

हे काहीच जमले नाही तर कॉट बेसिस उरते. सदाशिव पेठ, नारायण पेठ, कर्वेनगर, धनकवडी, आंबेगाव अशा भागांत एका खोलीत तीन-चार कॉट टाकून मुले राहतात. जागा पाहायला शक्यतो दिवसा आणि एकदा पाणी येण्याच्या वेळी जावे. अनामत किती आहे, ती परत केव्हा मिळणार आणि मधेच सोडल्यास किती कापणार, विजेचे बिल भाड्यात धरलेले आहे की मीटरप्रमाणे, पाहुणा किंवा वडील एक रात्र राहिले तर चालते का आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचे, हे सगळे विचारून तिथल्या तिथे लिहून घ्यावे. भाडे आणि अनामत बँकेतून किंवा यूपीआयने द्यावी आणि तसे शक्य नसेल तर सहीची पावती घ्यावी. जागा न पाहता मोबाइलवर आलेल्या फोटोंवरून ‘बुकिंग’चे पैसे कधीही पाठवू नयेत.

कराराबद्दल मुले फार बुजतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोडून काढायचे असल्यास मालकाला पुरावा द्यावा लागतो. हे मालकाशी भांडण्यासाठी सांगत नाही. शांतपणे एवढेच म्हणावे की, ‘काका, शिष्यवृत्तीला करार जोडावा लागतो, आपण ऑनलाइन नोंदवून घेऊ, खर्च आम्ही वाटून घेतो.’ पुष्कळ घरमालक एवढ्यावर तयार होतात. जे अजिबात तयार होत नाहीत त्यांची जागा सोडून द्यावी.

जेवणासाठी मेस ठरवताना ‘खाडा’ कसा धरतात ते आधी विचारावे. सलग किती दिवस सुट्टी घेतली तर पैसे वजा होतात हा नियम मेसागणिक बदलतो आणि दिवाळीच्या महिन्यात त्याने चांगलाच फरक पडतो. पहिल्याच दिवशी तीन महिन्यांचे पैसे भरण्यापेक्षा चार-पाच दिवस रोखीने जेवून पाहावे.

आता पैशाच्या वेळेचा प्रश्न. महाडीबीटीवरचा अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांकडे, तिथून संबंधित विभागाच्या कार्यालयाकडे आणि त्यानंतर देयक निघते. यात कुठेही त्रुटी निघाली की अर्ज विद्यार्थ्याकडे परत येतो आणि मुदतीत दुरुस्त करून पाठवला नाही तर तिथेच पडून राहतो. म्हणून दर आठवड्याला स्थिती तपासावी आणि अर्जाची छापील प्रत घेऊन शिष्यवृत्तीच्या टेबलावर स्वतः जावे. खात्यात जमा झालेल्या रकमेत कॉलेजच्या फीचाही भाग असू शकतो. तो लगेच कॉलेजला भरावा. घरच्या अडचणीला वापरलेले ते पैसे परीक्षेच्या अर्जाच्या वेळी आडवे आलेले मी पाहिले आहेत.

हे सगळे होईपर्यंत अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे, मेस, गादी, पुस्तके आणि बसचा पास यांचा खर्च थांबत नाही. मी प्रत्येक घराला सांगतो की पहिले सहा महिने शिष्यवृत्तीचा एकही रुपया येणार नाही असे धरून पैशांची जुळणी करा. सावकाराकडे किंवा बचत गटाकडे धावण्याआधी शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. साधारणपणे साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि परतफेड शिक्षण संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते. कर्जात वसतिगृहाचा खर्च धरता येतो, हे बँकेत अर्ज देतानाच सांगून अंदाजपत्रकात लिहून घ्यावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदार यांच्याशिवाय कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात तीन टक्के व्याज सवलत आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का ते प्रवेशाच्या आधीच पाहावे.

कॉलेज सुरू झाल्यावर विद्यार्थी विकास कार्यालयात कमवा आणि शिका योजनेची चौकशी करावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ती कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालते. ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत रोज थोडे तास काम करून मेसचा बराचसा खर्च भागतो. अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच निघतात आणि सूचना फलकावरच लागते, म्हणून त्या फलकाकडे पहिला महिनाभर रोज नजर टाकावी.

पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षाची आपोआप येत नाही, दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. त्यासाठी निकालाची प्रत, फीची पावती, वसतिगृहाचा नवा दाखला किंवा नवा करार आणि लागू असेल तर नवा उत्पन्नाचा दाखला पुन्हा लागतो. तेव्हा मे महिन्यात सुट्टीला घरी जाल तेव्हा ती फाइल सोबत न्या आणि तहसीलचे काम उरकूनच पुण्याच्या गाडीत बसा.