घरी संपादित केलेला एचडी व्हिडिओ डिस्कवर उतरवताना चित्राचा दर्जा कसा राखावा

संगणकावर लख्ख दिसणारे मुंजीचे चित्रण डिस्कवर उतरवून दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लावले की चेहरे मऊसर होतात, कडा करवतीसारख्या दातेरी दिसतात आणि अक्षता पडताना चित्रात चौकोनी ठिगळे उमटतात. अशा वेळी दोष बहुधा कोऱ्या डिस्कला किंवा बर्न करण्याच्या वेगाला दिला जातो. वस्तुतः बर्नर तयार फाइलमधील माहिती डिस्कवर जशीच्या तशी लिहीत असतो. लिहिण्यात चूक झाली तर डिस्क अडखळेल किंवा मुळीच चालणार नाही, पण तिच्यावरचे चित्र धूसर होणार नाही. चित्र बिघडते ते त्याआधी, एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना ते पुनःपुन्हा कॉम्प्रेस होते, म्हणजे जागा वाचवण्यासाठी त्यातले तपशील गाळले जातात, तेव्हा. म्हणून पुढची सारी खटपट एवढ्यासाठीच आहे की संपादनानंतर चित्र शक्यतो एकदाच, आणि निवडलेल्या डिस्कच्या मापानेच, कॉम्प्रेस व्हावे. उदाहरणादाखल १९२० × १०८० आकाराचे, सेकंदाला ५० फील्डचे म्हणजे १०८०आय (इंटरलेस्ड) पद्धतीचे, ८० मिनिटांचे चित्रण घेऊ. फील्ड म्हणजे एकाआड एक रेषांचे अर्धे चित्र.

आधी डिस्क ठरवावी

साध्या डीव्हीडी-व्हिडिओमध्ये एचडी चित्र मावतच नाही. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत त्याचा आकार ७२० × ५७६ असतो, म्हणजे मूळ चित्रातील बिंदूंपैकी बरोबर एक पंचमांश बिंदू उरतात, आणि कोणतेही महागडे सॉफ्टवेअर हा तोटा भरून काढू शकत नाही. एचडी जपायचे असेल तर ब्लू-रे डिस्क घ्यावी. तिच्या एका लेअरमध्ये २५ जीबी आणि दोन लेअरमध्ये ५० जीबी माहिती मावते. ब्लू-रे रायटर नसेल तर साध्या डीव्हीडीवर एव्हीसीएचडी या कॅमेऱ्यांच्या फाइल-स्वरूपात एचडी लिहिण्याचा मधला मार्ग आहे. मात्र ती डिस्क साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही, आणि डीव्हीडीवर तिचा बिटरेट, म्हणजे माहितीचा वेग, सेकंदाला १८ मेगाबिटच्या पुढे नेता येत नाही. त्या वेगाने ४.७ जीबीच्या डिस्कवर जेमतेम ३५ मिनिटे बसतात, त्यामुळे लहान चित्रणासाठीच हा मार्ग मला योग्य वाटतो. आजीआजोबांकडे जुना डीव्हीडी प्लेअरच असेल तर त्यांच्यासाठी वेगळी डीव्हीडी काढावी. एकाच फाइलवर दोन्ही गरजा भागवू नयेत.

टाइमलाइन आणि मास्टर फाइल

संपादनाचा प्रकल्प सुरू करताना टाइमलाइनची, म्हणजे तुकडे क्रमाने मांडायच्या पट्टीची, मापे कॅमेऱ्याच्या मूळ फाइलशी जुळती ठेवावीत. ५० फील्डचे चित्रण २५ प्रोग्रेसिव्ह (पूर्ण) फ्रेमच्या टाइमलाइनवर टाकले तर निम्मी हालचाल गमावली जाते आणि कॅमेरा आडवा फिरताना चित्र झटके देऊ लागते. मोबाइलचे ३० फ्रेमचे तुकडे मध्ये घालायचे असतील तर ते थोडे अडखळणारच. ज्या प्रकारचे चित्रण जास्त असेल त्यावरून टाइमलाइन ठरवावी. कॅमेऱ्याने १०८० रेषा आणि ५० पूर्ण फ्रेम टिपल्या असतील तर ते माप ब्लू-रेच्या मूळ नियमांत बसत नाही, म्हणून शेवटी १०८०आय ५० किंवा ७२०पी ५० (७२० रेषा, ५० पूर्ण फ्रेम) यांपैकी एक निवडावे लागते. लहान मुले मंडपभर धावत असतील तर मी ७२०पी निवडेन.

संपादन संपल्यावर थेट डिस्कची फाइल काढता येत असेल तर उत्तमच. ते शक्य नसेल किंवा एकाच चित्रणाच्या दोन प्रकारच्या डिस्क हव्या असतील, तर प्रथम प्रोरेस किंवा डीएनएक्सएचडी या, तपशील फारसे न गाळणाऱ्या, कोडेकमध्ये (कॉम्प्रेस करण्याच्या पद्धतीत) मास्टर फाइल काढावी. सेकंदाला १२० मेगाबिटची डीएनएक्सएचडी फाइल ८० मिनिटांसाठी सुमारे ७२ जीबी जागा घेते, हे आधी ध्यानात घेऊन हार्ड डिस्क मोकळी करावी. या टप्प्यावर नेहमीची एमपी४ फाइल कमी बिटरेटने काढणे म्हणजे दूध आधी पातळ करून मग आटवायला ठेवण्यासारखे आहे.

बिटरेटचा हिशोब

जीबीमधील क्षमतेला ८,००० ने गुणून सेकंदांनी भागले की सेकंदाला किती मेगाबिट मिळतील ते कळते. २५ जीबीच्या ब्लू-रेसाठी आपल्या ४,८०० सेकंदांना सुमारे ४२ मेगाबिट येतात. ब्लू-रेवर चित्राची कमाल मर्यादाच ४० आहे. एव्हीसीएचडी कॅमेरा मुळात २४ च्या आसपासच टिपतो, त्यामुळे एच.२६४ या ब्लू-रेच्या कोडेकमध्ये सरासरी २८ ते ३० ठेवणे पुरेसे होते आणि उरलेली जागा रिकामी राहिली तरी बिघडत नाही. ४.७ जीबीच्या डीव्हीडीला हाच हिशोब लावला तर ७.८ मेगाबिट मिळतात. त्यातून ध्वनी, मेनू आणि थोडी राखीव जागा वजा करून डीव्हीडीच्या एमपीईजी-२ कोडेकमधील चित्रासाठी सरासरी ७ ठेवावे. ध्वनी अनकॉम्प्रेस्ड ठेवला तर तोच दीड मेगाबिट खातो, म्हणून डीव्हीडीवर कॉम्प्रेस केलेला डॉल्बी डिजिटल ध्वनी वापरावा. चित्रण दोन तासांचे असेल तर डीव्हीडीच्या वाट्याला एकूण पाचच मेगाबिट येतात. तेव्हा ते दोन डिस्कवर विभागावे.

एन्कोडिंग, म्हणजे चित्र कॉम्प्रेस करून फाइल बनवणे, दोन फेऱ्यांचे निवडावे. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर कोणते प्रसंग अवघड आहेत ते पाहते आणि दुसऱ्या फेरीत होमाचा धूर, अक्षता, झगमगत्या माळा यांना जास्त बिट देऊन भाषणासारख्या स्थिर प्रसंगांतून ते वाचवते.

डीव्हीडीसाठी चित्र लहान करताना

दातेरी कडांचे मूळ बहुतेक वेळा येथे असते. इंटरलेस्ड चित्र आहे तसेच उभ्या दिशेने लहान केले तर दोन्ही फील्डच्या रेषा एकमेकींत मिसळतात, म्हणून आधी डीइंटरलेस करून, म्हणजे फील्डपासून पूर्ण चित्रे बनवून, ५० पूर्ण फ्रेम मिळवाव्यात, मग आकार कमी करावा आणि शेवटी पुन्हा ५० फील्ड करावेत. फील्डचा क्रम सर्वत्र एकच असावा: एचडीमध्ये वरचे फील्ड आधी असते, जुन्या डीव्ही टेपच्या चित्रणात खालचे. एचडीचे रंग रेक. ७०९ या मानकाप्रमाणे आणि डीव्हीडीचे रेक. ६०१ प्रमाणे मोजले जातात. हे रूपांतर राहून गेले तर हिरवी पैठणी आणि कुंकवाचा लाल, दोन्ही रंग सरकतात.

ऑथरिंग, बर्न आणि तपासणी

ऑथरिंग, म्हणजे मेनूसह डिस्कची रचना करणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये फाइल घेताना ते तिला पुन्हा एन्कोड करत नाही ना, हे आवर्जून पाहावे. एन्कोड करतानाच ‘ब्लू-रे सुसंगत’ हा पर्याय निवडलेला असेल तर टीएसमक्सरसारखे साधन चित्राला हात न लावता ब्लू-रेची रचना तयार करते. डीव्हीडीस्टायलरमध्ये चित्रासाठी ‘कॉपी’ हा पर्याय असतो. ८० मिनिटांची फाइल काही मिनिटांतच तयार झाली तर ती पुन्हा कॉम्प्रेस झालेली नाही असे समजायला हरकत नाही. प्रगतीची पट्टी तासभर रेंगाळली तर शंका घ्यावी.

पूर्ण डिस्क काढण्यापूर्वी अक्षतांचा आणि होमाचा मिळून दोन मिनिटांचा तुकडा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर काढून, ज्या टीव्हीवर ती पाहिली जाणार आहे त्याच टीव्हीवर तपासावा, कारण इंटरलेसिंगचे दोष संगणकावर हमखास लपतात. मग अंतिम डिस्क मध्यम वेगाने लिहून ‘व्हेरिफाय’ करावी, तिच्यावर चिकटपट्टीचे लेबल लावू नये, आणि ती दुसऱ्या एखाद्या प्लेअरवर शेवटपर्यंत चालल्याशिवाय मास्टर फाइल पुसू नये.