पुण्यातल्या गच्चीवर जेन्शियनचं भावंड: लिसियान्थस कसा वाढवावा

जेन्शियनची गडद निळी फुलं फोटोत पाहिली की रोप लावावंसं वाटणारच. पण आल्प्स आणि हिमालयातल्या थंड उतारांवरची ही झाडं आहेत. अनेक जातींचं बी काही आठवडे कडक थंडीत राहिल्याशिवाय रुजत नाही. बी फ्रीजमध्ये ठेवून तेवढं जमवताही येईल, पण एप्रिलमधल्या पुण्याच्या उन्हाचं काय करणार? पारा 38-40 अंशांवर गेला की रोप तग धरत नाही. म्हणून पुणेकरांना माझा स्पष्ट सल्ला आहे, त्याच कुळातला लिसियान्थस लावा. आपला काडेचिराईतही याच कुळातला. लिसियान्थस मूळचा अमेरिकेच्या दक्षिण भागातला आणि मेक्सिकोतला. जांभळा, गुलाबी, पांढरा अशा रंगांत येतो आणि दुहेरी पाकळ्यांचं फूल लांबून गुलाबच वाटतं.

कासच्या पठारावर पावसाळ्यात याच कुळातल्या स्वर्शिया आणि एक्झॅकम फुलतात. त्या तिथेच पाहाव्यात. उपटून आणलेलं रोप घरी जगत नाही आणि पठारावरचंही एक कमी होतं.

बी आणि पेरणी

सगळा खेळ पहिल्या दोन महिन्यांचा आहे, त्यामुळे इथे घाई करू नका. कोजागिरी झाली, रात्री गार व्हायला लागल्या की पेरा; दिवाळीच्या आसपासचे दिवस उत्तम. बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये 20 हजारांच्या आसपास दाणे भरतात. म्हणून मातीचा लेप दिलेलं, गोळीच्या रूपातलं बी घ्या. ही गोळी राजगिऱ्याच्या दाण्याएवढी असते. कुंडीसाठी ‘सफायर’सारखी बुटकी जात बरी. फुलदाणीसाठी लांब दांडे हवे असतील तर ‘इको’ किंवा ‘मारियाची’ घ्या.

प्रो-ट्रेमध्ये (रोपं तयार करायच्या छोट्या खणांच्या ट्रेमध्ये) धुतलेलं बारीक कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा, ओलं करा आणि प्रत्येक खणात एक गोळी नुसती वर ठेवा. मातीने झाकू नका, हे बी उजेडातच रुजतं. स्प्रेने हलकं पाणी मारलं की गोळीला चीर जाताना दिसते. ती चीर पडली नाही, लेप तसाच सुकला, तर आतला अंकुर अडकतो. ट्रेवर पारदर्शक झाकण ठेवून तो खिडकीपाशी उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. 20 ते 25 अंशांत 10 ते 15 दिवसांत कोंब दिसतात. मग झाकण काढा.

पुढे रोपं इतकी सावकाश वाढतात की मेली की काय असं वाटतं. वाढू द्या. या काळात उष्णता मात्र लागू देऊ नका. दिवसा 28 अंशांच्या वर तापमान राहिलं, रात्रीही उकाडा असला, तर दांडा वर येतच नाही, जमिनीलगत पानांचा चपटा गड्डा होऊन बसतो. असं झालं तर रोप टाकून देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत उघड्यावर ठेवलं की पुण्याची थंडी बरेचदा त्याला जागं करते.

एवढा खटाटोप नको असेल तर डिसेंबर-जानेवारीत रोपवाटिकेतून तयार रोपं आणा. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं, तिथल्या स्टॉलवरही चौकशी करा. दांडा वर निघालेलं रोपच निवडा.

कुंडीत लावताना

रोपाला पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की हलवा. त्याहून उशीर केला तर सोटमूळ खणाच्या तळाशी वळतं आणि रोप खुंटतं. 8 इंची कुंडीत तीन रोपं छान बसतात. मातीचा गोळा फोडू नका आणि आधी होतं त्याहून खोल लावू नका, बुंधा कुजतो.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते, ती नकोच. लाल माती, गांडूळखत आणि कोकोपीट समान घेऊन त्यात मूठभर जाड वाळू आणि चमचाभर ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. बोअरचं जड पाणी असलं तरी याचं फारसं बिघडत नाही, कारण याला कॅल्शियम आवडतं. कोवळ्या पानांची टोकं करपायला लागली तर लिटरला 1 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पंधरा दिवसांतून एकदा द्या.

रोजची निगा

सकाळचं पाच-सहा तास ऊन पुरे. मार्च लागला की दुपारी शेडनेट धरा. पाणी सकाळी आणि बुंध्याशीच द्या. पानाफुलांवर ओल राहिली की करडी बुरशी धरते. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावा. तेवढ्याने भागलं नाही तर लिटरला 5 मिली नीमतेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा, पानं रात्रीपर्यंत सुकतील अशा बेताने. उंच जातींना काडीचा आधार लागतोच, कळ्यांच्या वजनाने दांडे कलंडतात.

फुलं मार्चअखेर ते एप्रिलमध्ये येतात. दांड्यावरचं पहिलं-दुसरं फूल पूर्ण उमललं की सकाळी कापा, रोज पाणी बदललं तर फुलदाणीत दोन आठवडे टिकतात. कापताना खाली पानांच्या दोन जोड्या ठेवा. कुंडी सावलीत हलवली तर दुसरा बहर येऊ शकतो, पण पाऊस सुरू झाला की रोप सडतं. पुढच्या दिवाळीला नवं बी पेरायचं.