प्रगत एचटीएमएल शिकताना: पान आधी ऐकून पाहा

टॅग ओळखीचे झाले, सीएसएसने पान देखणं करता येऊ लागलं, की बहुतेक जण थेट जावास्क्रिप्टकडे वळतात. मधली एक पायरी राहून जाते आणि पुढे कामात तीच नडते. ज्याला स्क्रीन दिसत नाही, माउस धरता येत नाही किंवा अक्षर चौपट मोठं केल्याशिवाय वाचता येत नाही, त्यालाही पूर्ण वापरता येईल असं मार्कअप लिहिणं, ही ती पायरी. त्यासाठी महागडा कोर्स लागत नाही. विंडोजचा संगणक, एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम), फायरफॉक्स किंवा क्रोम आणि सरावाला एक कामाचं पान एवढं पुरतं.

सरावासाठी 'माझी ओळख' छापाचं पान घेऊ नका, त्यात अडचणीचं काही नसतंच. तालुक्याच्या एसटी स्थानकाचं वेळापत्रक घ्या. वर गाव शोधायचा खोका, मधे गाड्यांचा तक्ता, खाली तक्रारीचा अर्ज. या एका पानात निम्मा अभ्यासक्रम येतो.

सुरुवातीला सीएसएसची फाइल जोडूच नका. हेडर, नॅव्ह, मेन, फुटर हे विभाग मांडा. पानाला एकच पहिल्या पातळीचं शीर्षक द्या आणि त्याखाली पायऱ्या न गाळता उतरा. अक्षर लहान दिसावं म्हणून दुसरीनंतर थेट चौथी पातळी घेणं ही नवख्यांची हमखास चूक. आकार सीएसएसने ठरवायचा, पातळी मजकुराच्या रचनेने. जुन्या पुस्तकांत असंही वाचाल की प्रत्येक सेक्शनमध्ये पहिल्या पातळीचं शीर्षक टाकलं तरी ब्राउझर पातळी आपोआप लावतो. स्क्रीन रीडरपर्यंत ती पातळी पोहोचवण्याचं काम ब्राउझरांनी कधी केलंच नाही आणि २०२२ मध्ये ती तरतूद मानकातूनही काढली गेली.

आता एनव्हीडीए सुरू करून पान ऐका. एच दाबलं की पुढचं शीर्षक, डी दाबलं की पुढचा विभाग, टी दाबलं की तक्ता, बी दाबलं की बटन. इन्सर्ट आणि एफ-७ एकत्र दाबलं की दुवे, शीर्षकं वगैरेंची यादी उघडते. त्या यादीत 'इथे क्लिक करा' सात वेळा ऐकू आलं, तर दुव्यांचा मजकूर बदलायला हवा हे कोणी सांगावं लागत नाही.

तक्त्याला कॅप्शन हवं. स्तंभाच्या आणि ओळीच्या मथळ्यांना टीएच टॅग आणि स्कोप (मथळा स्तंभाचा की ओळीचा ते सांगणारी खूण) हवा. हे नीट असेल तर कंट्रोल-ऑल्ट आणि बाणांच्या कळांनी घराघरांतून फिरताना 'सुटण्याची वेळ, १४:३०' असं ऐकू येतं, नसेल तर नुसतं '१४:३०'. घरं एकत्र जोडून केलेले गुंतागुंतीचे तक्ते सरळ दोन तक्त्यांत तोडावेत. मोबाइलवर मावावा म्हणून तक्त्यालाच सीएसएसने ब्लॉक किंवा फ्लेक्स करू नका, काही ब्राउझर मग त्याला तक्ता मानतच नाहीत. त्याऐवजी बाहेर एक डिव्ह घालून तो आडवा सरकता ठेवा, कीबोर्डने पोहोचता यावं म्हणून त्याला शून्य टॅबइंडेक्स द्या, आणि रीजन हा रोल (हा भाग काय आहे ते स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) देऊन नाव म्हणून कॅप्शनच जोडा.

अर्जावर मात्र जास्त वेळ घालवा. माणूस खरा अडतो तो तिथेच. प्रत्येक खोक्याला लेबल हवं आणि लेबलचा फॉर व खोक्याचा आयडी जुळायला हवा. खोक्यातला फिकट मजकूर म्हणजे लेबल नव्हे, टाइप करायला लागलं की तो नाहीसा होतो. मजकूर कॉपी करताना तोच आयडी दोनदा राहिला तर दोन्ही लेबलं पहिल्याच खोक्याला चिकटतात आणि दुसरा खोका बेनाव राहतो. डोळ्यांनी काहीच बिघडलेलं दिसत नाही, म्हणून ही चूक महिनोन्महिने टिकते. 'तक्रारीचा प्रकार' यासारख्या रेडिओ बटनांभोवती फील्डसेट आणि लेजंड लावा, नाहीतर 'होय', 'नाही' ऐकू येतं, प्रश्न ऐकूच येत नाही. मोबाइल क्रमांकासाठी नंबर हा प्रकार वापरू नका. तो मोजण्याच्या संख्येसाठी आहे, सुरुवातीचं शून्य गमावू शकतो आणि बाणाच्या कळेने आकडा बदलतो. टेल हा प्रकार घ्या आणि ऑटोकंप्लीटही लिहा.

मराठी अर्जात आणखी एक खोच असते. नावाच्या खोक्यावर फक्त रोमन अक्षरं चालतील अशी तपासणी लावली की 'सुमित्रा' देवनागरीत लिहिणारी बाई बाहेर. बरं, युनिकोडमधला अक्षरांचा वर्ग घेतला तरी भागत नाही, कारण काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त हे चिन्हांच्या वेगळ्या वर्गात मोडतात. दोन्ही वर्ग घ्या. 'गोऱ्हे' सारख्या नावातला अर्धा ऱ काही कीबोर्डांवर अदृश्य जोडचिन्हाने टाइप होतो, तेही चालू द्या. खरं तर नावाची इतकी कडक तपासणी करूच नये.

चूक दाखवताना नुसती लाल चौकट नको. 'मोबाइल क्रमांक दहा अंकी हवा' असं वाक्य लिहा, ते आरिया-डिस्क्राइब्डबायने (आरिया म्हणजे स्क्रीन रीडरला जादा माहिती देणाऱ्या ॲट्रिब्यूटांचा संच) खोक्याला जोडा आणि आरिया-इनव्हॅलिड लावा. 'तक्रार नोंदवली' हा संदेश ज्या जागी येणार, ती स्टेटस रोल असलेली रिकामी जागा पानावर आधीपासून असायला हवी. जागा आणि मजकूर एकाच वेळी घातले तर स्क्रीन रीडर पुष्कळदा गप्प राहतो.

बटनाच्या जागी डिव्ह वापरण्याची सवय आजच सोडा. डिव्हवर टॅबने जाता येत नाही, एंटर आणि स्पेस चालत नाहीत, ते बटन आहे हे कोणी सांगत नाही. हे सगळं हाताने भरून काढायचं तर रोल, टॅबइंडेक्स आणि दोन कळांची जावास्क्रिप्ट लिहावी लागते. बटन टॅग हे सगळं फुकट देतो. फक्त अर्जातल्या बटनाचा प्रकार लिहायला विसरू नका, न लिहिल्यास ते अर्ज पाठवून मोकळं होतं. खिडकी उघडायची असेल तर डायलॉग टॅग शो-मोडलने उघडा. २०२२ पासून तो सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे, एस्केपने बंद होतो आणि मागचं पान आपोआप निष्क्रिय करतो.

म्हणूनच आरिया शेवटी शिकावं. आरिया फक्त काय सांगितलं जाईल ते बदलतं, वागणं बदलत नाही. साध्या दुव्यांच्या पट्टीला मेनू हा रोल दिला की ऐकणारा बाणांच्या कळा वापरू बघतो, आणि त्या चालत नाहीत. फोकस घेणाऱ्या, म्हणजे टॅब ज्यावर थांबतो अशा, बटनावर आरिया-हिडन लावलं की टॅब थांबतो पण नीटसं काहीच ऐकू येत नाही. आरिया-एक्स्पांडेड (भाग उघडा आहे की मिटलेला) आणि आरिया-करंट (यातलं सध्याचं कोणतं) एवढी दोन आधी पक्की करा, रोज तीच लागतात.

भाषेकडे मराठी संकेतस्थळांचं दुर्लक्ष होतं याचं फार वाईट वाटतं, कारण दुरुस्ती एका शब्दाची असते. एचटीएमएल टॅगवर लँग या ॲट्रिब्यूटमध्ये 'एमआर' लिहायचं. तयार टेम्प्लेटमधलं इंग्रजी तसंच राहिलं तर देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजाकडे जातो आणि तो शब्द गाळतो किंवा भलतंच काही वाचतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये मराठी आवाज आहे, तो भाषा कळली तरच लागतो. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श असतात, तेही याच खुणेवर उमटतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली निवेदनं पानावर चिकटवू नका. दिसायला मराठी, पण आत रोमन अक्षरांचा कचरा असतो आणि तोच वाचला जातो. देवनागरीला अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सीएसएसही लावू नका, शिरोरेषा तुटते.

मानक म्हणून डब्ल्यूसीएजी २.२, म्हणजे संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत (सुगम्यता) यासाठीची आंतरराष्ट्रीय नियमावली, वाचा, ५ ऑक्टोबर २०२३ ला आलेलं. त्यात ८६ निकष आहेत, पण कामाला लागतात ते ए आणि डबल-ए पातळीचे ५५. काही आकडे तोंडपाठ हवेत. साध्या मजकुराचा रंगफरक किमान ४.५ ला १, मोठ्या अक्षरांचा ३ ला १. दाबायची जागा किमान २४ गुणिले २४ पिक्सेल, यात काही अपवाद आहेत. १२८० पिक्सेल रुंदीवर ४०० टक्के मोठं केल्यावर, म्हणजे ३२० पिक्सेलमध्ये, मजकूर आडवा सरकवावा लागता कामा नये. तक्त्याला यातून सूट आहे. भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे आणि सरकारी संकेतस्थळांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहेत. युरोपात सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला, त्यामुळे तिथल्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या पुण्यातल्या कंपन्यांनाही हे ज्ञान लागतं.

तपासणीचा क्रम असा ठेवा. आधी नू एचटीएमएल चेकर हे मार्कअप तपासणारं साधन, कारण दुहेरी आयडी आणि टॅगांची एकात एक चुकीची रचना तिथेच सापडते. मग माउस काढून फक्त टॅब. फोकस कुठे आहे हे दिसत नसेल तर कोणीतरी आउटलाइन काढून टाकलेली असते. मग मोठं करून, मग एनव्हीडीएने मॉनिटर बंद ठेवून, शेवटी फोनवर टॉकबॅक या अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरने. ॲक्स किंवा लाइटहाउस ही आपोआप तपासणारी साधनं जरूर चालवा, पण शंभर गुण म्हणजे पान सुगम झालं असं नव्हे. चित्राला ऑल्ट (चित्राचं लेखी वर्णन) आहे का एवढं यंत्राला कळतं, तो बरोबर आहे का ते कळत नाही.

मुलाखतीला जाताना याच सरावाच्या पानाचा दोष-अहवाल सोबत न्या. प्रत्येक दोषापुढे चार गोष्टी: कुठे आहे, निकष क्रमांक, कोण अडतं, दुरुस्त केलेलं मार्कअप. 'निकष १.३.१, तक्त्याला मथळे नाहीत, स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला वेळ कोणत्या गाडीची ते कळत नाही' इतकं नेमकं. सुगम्यतेच्या प्रमाणपत्राची परीक्षा घाईने देऊ नका, वर्षभर काम केल्यावर तिचे प्रश्न जास्त उलगडतात. आणि शक्य असेल तेव्हा रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दोन-तीन जणांना मानधन देऊन पान वापरायला लावा. संगणक त्यांचा, आवाजाचा वेग त्यांचा. 'साताऱ्याची दुपारची पहिली गाडी शोधा' एवढंच सांगा, मधे बोलू नका आणि ते कुठे थांबतात ते लिहून घ्या.