गिरणेच्या खड्ड्यात फोटो करताय? आधी मागे सरका

गिरणा नदीतल्या वाळू उपशाच्या खड्ड्यात स्वतः उभं राहून परफॉर्मन्स, म्हणजे आपल्या शरीरानेच केलेली कलाकृती, फोटोत धरायची असेल तर हे वाचा. ट्रायपॉड, टायमर तुम्हाला माहीत असणारच. क्युबन-अमेरिकन कलाकार अॅना मेंडिएटाची 1973 पासूनची ‘सिलुएटा’ मालिका बघून घ्या, मातीत अंगाचा ठसा उमटवायचा आणि मागे उरायचा तो फोटो. दिल्लीचे कलाकार अतुल भल्लांनी 2005 मध्ये दिल्लीच्या यमुनेत हळूहळू बुडत केलेले फोटोही बघा. आपले चाळीसगावचे केकी मूस घरात टेबलावर दृश्यं मांडून फोटो काढायचे, आपल्याला मात्र उन्हात मरायचंय.

आता मेन गोष्ट. वाळू उपशाचा खड्डा फोटोत खोल दिसतच नाही भो! आपण काय करतो, मोबाईलची वाईड लेन्स लावतो, माणूस दोन मीटरवर उभा करतो, दरड त्याच्या मागे पाच मीटर. अशात ती दरड माणसाच्या मानाने आहे त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीपण दिसत नाही. तेच माणसापासून दहा मीटर मागे जाऊन झूम करा, दोन तृतीयांश दिसते, म्हणजे दुपटीच्या वर. यात लेन्सची जादू काही नाही, सगळा अंतराचा खेळ आहे, म्हणून झूम नसला तरी मागे जा आणि नंतर क्रॉप करा, फरक तोच पडतो. नाहीतर सरळ दरडीला पाठ लावून उभे राहा. माझ्या फोटोत दरडीतून बाभळीची मुळं उघडी लोंबत होती, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, आणि पोर्टफोलिओ बघणाऱ्या मॅडम विचारतात, हा कुठला बीच?

वीकेंड वर्कशॉपवाले हे सांगणार नाहीत, ते सांगतील चेहऱ्यावर वेदना आणा. नका आणू, पाठ फिरवून उभे राहा. तोंडाला चिखल फासणं आणि तयार प्रीसेट मारणं हे तर मला बघवतच नाही. त्यापेक्षा नदीकाठच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, वाळू आधी कुठवर होती ते तो बोटाने दाखवेल.

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या राखेजवळ फोटो करायचे असतील तर उन्हात ती चकाकते आणि कॅमेरा फोटो काळपट करतो, एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट, वाढवा. पण राखेच्या तळ्यात उतरायचं नाही म्हणजे नाही, वरून साय धरल्यासारखं घट्ट दिसतं, खाली गाळ असतो. आणि बारीक राख छातीत जाते, काठावरही मास्क लावा. गिरणा धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं असेल तर नदीतपण नको, खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, पट्टीचे पोहणारे बुडतात. डंपर चालू असताना कॅमेरा काढून हिरोगिरी तर अजिबात नको.

एवढं ऐकून घाबरू नका. सकाळी गावातलं कुणीतरी ओळखीचं सोबत घेऊन जा. लोक विचारतील, ‘काय करी ऱ्हायना भो?’, खरं ते सांगा, हसतील, चहापण पाजतील. पहिले फोटो फालतू आले तरी डिलीट करू नका, पावसाळ्यानंतर तिथेच त्याच अंतरावरून परत काढायचे आहेत, लोकेशन तेवढं सेव्ह करून ठेवा.