पोरगं पुस्तक बघून पळतंय? आधी का पळतंय ते बघा

"वाचायला बस" म्हटलं की ज्या पोराला लगेच तहान लागते, शू लागते, पेन्सिलला टोक करायचं आठवतं, त्याच्या आईबापांसाठी हे लिहितोय. मी यातून गेलोय आणि सुरुवातीला सगळं उलटंच केलं, ओरडणं, तुलना, "रोज दहा पानं झालीच पाहिजेत" वगैरे.

नवीन पुस्तकं आणायची घाई करू नका. आधी बघा की त्याला बोर होतंय का जमतच नाहीये. मुलं "मला येत नाही" असं सहसा म्हणत नाहीत, "बोर आहे" म्हणून मोकळी होतात. चेक करायचं असेल तर त्याच पुस्तकातलं एक पान तुम्ही मस्त आवाज काढून वाचून दाखवा. पोरगं सरकत सरकत जवळ आलं, पुढे काय झालं विचारायला लागलं, तर गोष्ट बोर नाहीये, वाचणं जड जातंय. मग शेजारी बसून ऐका कुठे अडतंय. आपल्याला सवय झालीय म्हणून कळत नाही पण एका र ची किती सोंगं बघा, सूर्य, चक्र, राष्ट्र, सुऱ्या! त्यात घ आणि ध, भ आणि म सारखेच दिसतात.

डोळे पण तपासून घ्या. फळ्यावरचं नीट दिसतं म्हणजे सगळं ठीक असं नसतं, लांबचं स्वच्छ दिसून जवळचं वाचताना ताण येऊ शकतो. आणि बरेच महिने होऊनही पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देत असेल, काल वाचलेला शब्द आज परत नवा वाटत असेल, तर डिस्लेक्सिया (अक्षरं-शब्द ओळखून वाचणं मुळातच जड जाणं) आहे का ते तज्ज्ञांकडून बघून घ्या. त्याचा हुशारीशी काही संबंध नाही.

पुस्तक जड आहे का ते बघायला सोपी युक्ती आहे, एक पान वाचायला द्या, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोजा, पाच बोटं झाली की ते पुस्तक सध्या बाजूला ठेवा. म्हणजे त्याने एकट्याने वाचायला, तुम्ही वाचून दाखवणार असाल तर बिनधास्त घ्या.

आणि वाचून दाखवणं हीच खरी गोष्ट आहे. अक्षरं आली की आपण ते बंद करतो, इथेच माती खातो. साधारण तेरा-चौदा वर्षांपर्यंत मुलांना वाचून जेवढं समजतं त्यापेक्षा ऐकून जास्त समजतं, त्यामुळे त्यांच्या वयाची खरी मजेदार गोष्ट त्यांना कानानेच मिळते. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे. काही दिवसांनी दोघं एकदम मोठ्याने वाचा, त्याला एकट्याने वाचावंसं वाटलं की त्याने तुमच्या हातावर टिचकी मारायची, तुम्ही गप्प. अडला तर चार-पाच सेकंद थांबा, नाहीच जमलं तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला, फोड करून घेत बसू नका, गोष्टीचा पार चुथडा होतो. आणि संपल्यावर प्रश्न विचारू नका. मी "यातून काय शिकलास?" विचारायचो, त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

काय वाचायचं ते त्याला ठरवू द्या. कॉमिक्स, विनोद, डायनासोरची माहिती, गेम कसा खेळायचा त्याचा कागद, सगळं वाचनच आहे. तेच पुस्तक सातव्यांदा काढलं तर काढू दे, त्यानेच वेग येतो. अर्धवट सोडलं तरी सोडू दे, आपणही सोडतोच की.

बक्षिसांचं मात्र जपून. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा एक प्रयोग आहे, चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांना आधीच सर्टिफिकेटचं आमिष दाखवलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. द्यायचंच असेल तर अजून एक पुस्तक द्या, नाहीतर झोपायची वेळ पंधरा मिनिटं पुढे ढकला, फक्त वाचण्यासाठी. आमच्याकडे हे भारी चाललं, कारण त्याला वाटायचं आपण काहीतरी नियम मोडतोय.

दमलेलं असेल त्या दिवशी तुम्हीच वाचा, त्याने नुसती पानं उलटली तरी चालेल.