जुन्या सिंगल-शॉट रायफलींवरची पुस्तकं: घेताना आणि वाचताना या चुका टाळा

विंचेस्टर या अमेरिकी कंपनीच्या सिंगल-शॉट, म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरता येणाऱ्या, रायफलीवर '७ ऑक्टोबर १८७९' अशी तारीख कोरलेली दिसते आणि पाहणारा लगेच ठरवून टाकतो, की रायफल १८७९ची आहे. प्रत्यक्षात ती तारीख आहे या रायफलीचे रचनाकार जॉन ब्राउनिंग यांना मिळालेल्या पेटंटची. विंचेस्टर कंपनीने त्यांच्याकडून हक्क घेतले १८८३ मध्ये, रायफल बाजारात आली १८८५ मध्ये आणि पुढे १९२०च्या सुमारापर्यंत ती बनत राहिली. म्हणजे समोरची रायफल विसाव्या शतकातलीही असू शकते.

असे गोंधळ मिटवण्यासाठीच आपण संदर्भपुस्तक घेतो. पण या विषयावर अभ्यासू पुस्तकांइतकीच ऐकीव माहितीवर उभी राहिलेली पुस्तकंही आहेत, आणि दोन्ही दिसायला सारखीच जाडजूड नि रुबाबदार. माझा निकष साधा आहे: लेखक एखादी गोष्ट सांगताना ती कुठून आली हे सांगतो का? कारखान्याची नोंदवही, पेटंटचा कागद, स्वतः हाताळलेली रायफल, की आधीच्या कुणाचं पुस्तक? खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

'सगळ्या रायफलींचं एकच पुस्तक' शोधत बसणं

असं पुस्तक नाही, आणि असण्याची शक्यताही नाही. कारण प्रत्येक कारखान्याचे कागद वेगवेगळ्या प्रमाणात टिकले आहेत. विंचेस्टरच्या या रायफलीच्या खतावण्या अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयाच्या ग्रंथालयात आहेत. पण त्यांत नोंदी आहेत १ ते १,०९,९९९ या सिरियल नंबरांच्या, त्याही मधली एक छोटी पोकळी सोडून. रायफली बनल्या साधारण १,४०,०००. तेव्हा १,२५,००० नंबरच्या रायफलीची कारखान्यातून बाहेर पडल्याची नेमकी तारीख एखादं पुस्तक ठणकावून सांगत असेल, तर ती तारीख या खतावण्यांमधून आलेली नाही. मग कुठून आली, हे लेखकाने सांगायला हवं.

स्टीव्हन्स या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या बाबतीत तर खतावण्यांचा असा आधारच नाही. तिथे लेखकाला कॅटलॉग, नळीवरचे शिक्के आणि पाहिलेल्या रायफलींची तुलना यावरच भिस्त ठेवावी लागते. अशा पुस्तकात 'बहुधा', 'आतापर्यंत दिसलेल्या नमुन्यांवरून' असे शब्द वारंवार येत असतील तर चिडू नका. तो लेखकाचा प्रामाणिकपणा आहे. स्टीव्हन्सवर लिहिताना ज्याला कशाचीच शंका येत नाही, त्याच्यापासून मी चार हात लांब राहीन.

म्हणून आधी आपला प्रश्न ठरवा. शार्प्स रायफल ओळखायची असेल तर फ्रँक सेलर्स यांचं १९७८चं शार्प्सवरचं पुस्तक पाहा. विंचेस्टर सिंगल-शॉटसाठी जॉन कॅम्पबेल यांचं काम आहे. वेगवेगळ्या ॲक्शन, म्हणजे काडतूस भरून नळी बंद करणाऱ्या यंत्रणा, आतून कशा चालतात, ब्लॉक (नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा) कसा खाली सरकतो, कुठला भाग कशाला अडतो, हे समजून घ्यायचं असेल तर फ्रँक डी हास यांचं १९६९चं पुस्तक. यांतलं कुठलंही दुसऱ्याची जागा घेत नाही.

सारख्या नावांना फसणं

जेम्स ग्रँट यांनी या विषयावरचं पहिलं पुस्तक १९४७ मध्ये काढलं, 'सिंगल-शॉट रायफल्स'. पुढे 'मोअर सिंगल-शॉट रायफल्स', 'बॉइज सिंगल-शॉट रायफल्स', 'स्टिल मोअर' आणि शेवटी 'फिनाले'. नावं वाचून अनेकांना वाटतं, या एकाच पुस्तकाच्या सुधारित आवृत्त्या असाव्यात, शेवटची घेतली की झालं. तसं नाही. हे पाच स्वतंत्र खंड आहेत आणि प्रत्येकात नवी सामग्री आहे. किशोरवयीन मुलांसाठी बनलेल्या हलक्या, लहान रायफलींची माहिती हवी असेल, तर १९६७चा 'बॉइज'चा खंडच शोधावा लागतो. 'फिनाले' घेऊन ती गरज भागत नाही.

डी हास यांच्या पुस्तकाचं नाव ग्रँट यांच्या पहिल्या पुस्तकाशी इतकं मिळतंजुळतं आहे, की मागणी नोंदवताना लेखकाचं नाव आणि वर्ष दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यातच डी हास यांनी कारागिरांसाठीही पुस्तकं लिहिली आहेत, म्हणजे रायफल घडवण्याचे आराखडे आणि कार्यशाळेतल्या युक्त्या. ती आपल्या जागी उत्तम आहेत, पण जुनी रायफल ओळखायला त्यांचा उपयोग नाही. आणखी एक: जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतो, ती पद्धतच १९७०च्या आसपास रुळली. '१९४७ची पहिली आवृत्ती' म्हणून दाखवलेल्या प्रतीवर आयएसबीएन छापलेला असेल, तर ते पुनर्मुद्रण आहे.

किमतींची यादी म्हणजेच संदर्भग्रंथ समजणं

फ्लेडरमन यांचं अमेरिकी जुन्या शस्त्रांवरचं मार्गदर्शक पुस्तक १९७७ मध्ये आलं, नववी आवृत्ती २००७ मध्ये. पुस्तक चांगलंच आहे. पण एका मॉडेलला तिथे काही ओळी मिळतात, आणि त्या ओळींवर रायफलीचा अस्सलपणा ठरवायला जाणं म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणं. किंमत शिळी होते, वर्णन तितक्या लवकर होत नाही. त्यामुळे नुसता आढावा हवा असेल तर जुनी, स्वस्त आवृत्तीही चालते.

तीन पुस्तकांत आहे म्हणून खरं मानणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून इथे थोडं थांबू या.

त्या काळातल्या अमेरिकी काडतुसांना दोन आकड्यांची नावं असत. ४५-७० म्हणजे ०.४५ इंच व्यासाच्या नळीचं काडतूस आणि त्यात ७० ग्रेन (वजनाचं एक लहान माप) बंदुकीची दारू. शार्प्स कंपनी मात्र काडतुसाच्या पितळी पुंगळीची लांबी सांगायची, दोन पूर्णांक सात अष्टमांश इंच वगैरे. आता ४५-१२० हे सव्वातीन इंची काडतूस घ्या. विसाव्या शतकातल्या बऱ्याच पुस्तकांत ते शार्प्सचं म्हणून आलं आहे, अमेरिकेतल्या बायसनच्या शिकारीच्या काळाशी जोडून. पुढच्या अभ्यासकांनी कंपनीच्या शिल्लक नोंदी आणि अस्सल रायफली तपासल्या, तेव्हा कारखान्यातून या काडतुसासाठी बनून गेलेली शार्प्स काही सापडेना. कंपनीचा कारभार तर १८८१ मध्येच आटोपला होता. तरीही ते वाक्य एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिलं, प्रत्येकाने आधीच्याची री ओढली. वाचणाऱ्याला वाटतं, इतक्या जणांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार. मुळात साक्षीदार एकच, बाकी सगळे त्याचं ऐकून बोलणारे.

हे पकडायचं कसं? दोन पुस्तकांतला तोच परिच्छेद शेजारी ठेवून वाचा. शब्दरचना सारखी, छायाचित्र तेच, आणि विशेष म्हणजे मुद्रणदोषही तोच असेल, तर दुसऱ्या पुस्तकाने पहिल्याला दुजोरा दिलेला नाही, फक्त उतरवून घेतलं आहे. ऋणनिर्देशाचं पान लोक सहसा उलटून टाकतात. लेखकाने कोणते संग्रह पाहिले, कुठल्या नोंदवह्या उघडल्या, हे अनेकदा तिथेच कळतं.

मॉडेलच्या नावातलं वर्ष आणि कॅटलॉगमधलं चित्र शब्दशः घेणं

शार्प्सची प्रसिद्ध 'मॉडेल १८७४' त्या सालाआधीच बनू लागली होती, नाव नंतर चिकटलं. पुस्तक पारखायला शार्प्स फार उपयोगी पडते, कारण काही गोष्टी पक्क्या माहीत आहेत. कंपनी १८७६ मध्ये हार्टफर्डहून ब्रिजपोर्टला गेली आणि 'ओल्ड रिलायबल' हा शिक्का नळीवर मारायला सुरुवात झाली ती तेव्हापासून. सिरियल नंबरच्या आधी येणारं 'सी' हे अक्षर रोमन आकड्यांच्या धर्तीवर एक लाख दाखवतं. सी ५४,००० म्हणजे १,५४,०००. ज्या पुस्तकात हे 'सी' म्हणजे 'कार्बाइन' असं सांगितलं असेल, ते तिथेच मिटून ठेवावं.

रेमिंग्टन कंपनीच्या रायफलींत वेगळीच मेख आहे. त्यांच्या १, २ आणि ४ क्रमांकाच्या रायफली रोलिंग ब्लॉक पद्धतीच्या, म्हणजे ब्लॉक मागे वळणारा. क्रमांक ३ मात्र हेपबर्न नावाची, आणि तिचा ब्लॉक खाली सरकतो. केवळ क्रमांकांच्या ओळीवरून सगळ्यांना एका माळेत ओवणारा लेखक रायफल हातात न घेताच लिहितो आहे, असं खुशाल समजा.

जुन्या कॅटलॉगांची पुनर्मुद्रणं जरूर घ्या. नेम धरायच्या साइट, दस्त्याचे प्रकार, जादा पैसे देऊन मिळणारी सजावट, हे सगळं तिथे दिसतं. फक्त कॅटलॉग सांगतो ते कंपनी काय विकायला तयार होती. एखादा प्रकार खरोखर किती बनला, बनला तरी का, हे त्यातून कळत नाही. चित्रांचे ठसेही वर्षानुवर्षं तेच वापरले जात, त्यामुळे चित्रात जुनी घडण आणि विक्रीला नवी असं होऊ शकतं.

प्रकाशनाचं वर्ष न बघणं

ब्रिटिश लष्करी रायफलींच्या बाबतीत हे फारच जाणवतं. मार्टिनी-हेन्री १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्यात आली आणि तिच्यावर बरंच लिहिलं गेलं. पण नेपाळमध्ये तयार झालेल्या तिच्या भाईबंदांबद्दल, उदाहरणार्थ गहेंद्र रायफलीबद्दल, जुन्या पुस्तकांत फारच त्रोटक माहिती मिळते. २००३ मध्ये काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातला प्रचंड साठा अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला, हजारो नमुने उजेडात आले आणि मग कुठे नीट अभ्यास सुरू झाला. त्याआधीच्या पुस्तकात या रायफली सापडल्या नाहीत, तर तो त्या लेखकाचा दोष नाही. आपण चुकीच्या काळातल्या पुस्तकात शोधतो आहोत.

मार्टिनी-हेन्रीच्या वायव्य सरहद्दीवर हातांनी घडवलेल्या नकलाही भरपूर आहेत. चांगलं पुस्तक त्यांच्या खुणा दाखवतं: उलटं कोरलेलं इंग्रजी 'एन', वेडीवाकडी अक्षरं, आणि व्हिक्टोरिया राणीच्या 'व्ही आर' या आद्याक्षरांखाली १९०१ नंतरचं साल. राणीच १९०१च्या जानेवारीत वारली, तेव्हा त्यापुढचं साल तिच्या नावाने कोणता सरकारी कारखाना कोरेल? फक्त अस्सल नमुने दाखवणाऱ्या पुस्तकापेक्षा अस्सल-नक्कल शेजारी ठेवणारं पुस्तक कितीतरी कामाचं.

स्कॅन करून छापलेली प्रत घेणं

दुर्मीळ पुस्तकाची मागणीनुसार छापलेली प्रत स्वस्त पडते, पण स्कॅनमध्ये छायाचित्रांचा पार काळा डाग झालेला असतो. या विषयात छायाचित्र हाच अर्धा पुरावा. शिक्क्यातल्या अक्षराचं वळण दिसलं नाही, तर पुस्तक घेऊन करायचं काय? विक्रेत्याकडे मुखपृष्ठाचा फोटो मागू नका. प्रकाशनाची माहिती असलेलं पान, सूचीचं एक पान आणि शिक्क्याचं छायाचित्र असलेलं एक पान मागा. सूचीच नसलेलं पुस्तक संदर्भासाठी कटकटीचंच ठरतं.

जुन्या पुस्तकातलं दारूचं प्रमाण खरं धरणं

यावर एवढंच: या रायफली बहुतांश काळ्या दारूसाठी बनल्या, आणि जुन्या पुस्तकातलं प्रमाण आजच्या दारूला लावणं जीवघेणं ठरू शकतं. पुस्तक ओळख पटवायला वापरा. रायफल झाडण्याजोगी आहे की नाही, ते जाणकार कारागिराने प्रत्यक्ष तपासूनच सांगायचं.

पुस्तक एक म्हणतं, रायफल दुसरंच दाखवते: तेव्हा काय?

आधी रायफलीवरचं वाचन पुन्हा करा. आपण सिरियल नंबर म्हणून वाचलेला आकडा जोडणीचा क्रमांक तर नाही ना? लाकडाखालच्या भागांवर असे आकडे हमखास असतात. मग नळी बदलली आहे का ते पाहा. सिंगल-शॉट रायफली निशाणेबाजांच्या लाडक्या होत्या आणि नळी झिजली की नवी बसवून घेणं ही रोजची बाब होती. हॅरी पोप यांच्यासारख्या नामवंत कारागिराने दुसऱ्याच कंपनीच्या ॲक्शनवर बसवलेल्या नळ्या आज मूळ रायफलीहून जास्त मोलाच्या मानल्या जातात. अशी रायफल कारखान्याच्या वर्णनाशी जुळणार नाही, आणि तरी ती अस्सलच असेल.

त्यानंतर पुस्तकाच्या विधानाचा उगम शोधा. पेटंटशी संबंधित असेल तर मूळ पेटंटच वाचा. अमेरिकी पेटंट इंटरनेटवर फुकट पाहता येतात, ब्राउनिंग यांच्या या पेटंटचा क्रमांक २,२०,२७१. वर्ष ठरवायचं असेल तर तक्ता कशावरून केला आहे ते बघा, कारण विंचेस्टरच्या काही मॉडेल्समध्ये जुने छापील तक्ते आणि कारखान्याच्या नोंदींवरून नंतर केलेले तक्ते यांत वर्षांचा फरक पडतो. अमेरिकेत हा फरक निव्वळ अभ्यासाचा राहत नाही. तिथल्या १९६८च्या कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र पुरातन ठरतं, त्यामुळे एका वर्षाची चूकही भोवू शकते. तिथे १९४८ पासून अमेरिकन सिंगल शॉट रायफल असोसिएशन आहे, तिचं नियतकालिक निघतं, आणि पुस्तकांतल्या बारीक चुकांच्या दुरुस्त्या अशा ठिकाणी पुढच्या आवृत्तीची वाट न बघता येऊन जातात.

खतावणीत नंबर येत असेल तर शुल्क भरून कोडीहून त्या नोंदीचं पत्र मागवा. पत्रात वेगळंच काडतूस निघालं तरी लगेच 'बनावट' म्हणू नका. रायफल दुरुस्तीसाठी कारखान्यात परत आल्याच्या नोंदीही त्या खतावण्यांत आहेत, आणि बदल तिथेच, कारखान्याच्याच हातून झालेला असू शकतो. पत्रातली परतीची तारीख आणि नळीवर कोरलेला कंपनीचा पत्ता एकाच काळातले आहेत का, हे पडताळायला मग कॅम्पबेल यांचं पुस्तक पुन्हा उघडावं लागतं.