टीम प्रोजेक्टचं ‘कशासाठी’ ठरवताना या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात होतो तेव्हाची गोष्ट. साहेबांनी बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘रिजेक्शन कमी करणे’, म्हणजे दोषामुळं बाद होणारा माल कमी करणे. चहा झाला, फोटो झाला. दोन महिन्यांनी बघतोय तर सँड प्लँटवाले साच्याच्या वाळूचा ओलावा तपासतायत, मेल्टिंगवाले भट्टीचं तापमान वाढवतायत, आणि फेटलिंगवाले (ओतलेला माल घासून साफ करणारे) भोकं पडलेली कास्टिंगं, म्हणजे ओतीव भाग, भरून-घासून गपचूप पुढं ढकलतायत. तिघंही अगदी इमानदारीनं रिजेक्शन कमी करत होते!

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: विषयाचं नाव लिहायचं आणि त्यालाच उद्दिष्ट म्हणायचं. कुठलं कास्टिंग, कुठला दोष, कितीवरून कितीवर, कधीपर्यंत? ‘पंप हाउसिंगमधलं ब्लो होलचं रिजेक्शन 8 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर, दिवाळीपर्यंत, गिऱ्हाईकाकडून परत आलेला माल धरून’ असं लिहिलं असतं, तर त्या शेवटच्या पाच शब्दांनी लपवालपवी तिथंच थांबली असती. शिवाय टीममध्ये कोण हवं तेही कळलं असतं. ब्लो होल म्हणजे साच्यात अडकलेला वायू. वाळू जास्त ओली, तिच्यातून हवा नीट जात नाही, कोअर (आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा तुकडा) कच्चा भाजलेला किंवा त्याचे व्हेंट, म्हणजे वायू बाहेर जायच्या वाटा, बुजलेले, ही नेहमीची कारणं. म्हणजे कोअर शॉपचा माणूस पहिल्या मीटिंगला पाहिजेच. आमच्यात तो नव्हताच.

दुसरी चूक, व्हिजनच्या नावाखाली आभाळाला हात लावणं. कोल्हापुरात हा शब्द निघाला की कुणीतरी राधानगरी धरणाचा दाखला देतंच. शाहू महाराज 1922 साली गेले, धरण त्यांच्यामागं पुरं झालं, हे खरंच. पण तिथंही भोगावतीचं पाणी अडवून शेताला द्यायचं, हे पहिल्यापासून स्पष्ट होतं. तीन महिन्यांच्या प्रोजेक्टवर ‘जागतिक दर्जा’ लिहून काय होणार?

‘समजलं का सगळ्यांना?’ हा प्रश्न तर विचारूच नका. साहेबांपुढं सगळे ‘हो की’ म्हणतात. त्यापेक्षा विचारा, ‘मग उद्या सकाळी आल्यावर तू पहिलं काय करणार?’ उत्तर अडखळलं की समजा, पोचलेलं नाही.

काय करायचं नाही, तेही लिहून ठेवा. नाहीतर मधेच कुणीतरी नवीन मशीनचा विषय काढतं आणि त्यातच महिना जातो.

प्रोजेक्ट आधीच रुतला असेल तर नवं प्रेझेंटेशन करत बसू नका. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, नाव न घालता एका ओळीत लिहायला सांगा: हे आपण कशासाठी करतोय? आम्ही उशिरा का होईना, केलं. सहा चिठ्ठ्यांत पाच वेगवेगळी उद्दिष्टं निघाली. सहावीवर लिहिलं होतं, ‘साहेब म्हणाले म्हणून.’